समुद्र दारात, पण जहाजावर कायदा कोणाचा?

सुकाणू

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचं अजस्र बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढलं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, जहाज सिंगापूरकडून ब्राझीलला निघालेलं. मॉरिशसच्या बंदरात त्याला यायचंच नव्हतं. मूळ मार्ग किनाऱ्यापासून २२ सागरी मैलांवरून जात होता. मोबाइलचं नेटवर्क मिळावं म्हणून ते जवळ आणलं गेलं, असं पनामाच्या चौकशीत पुढे आलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंधनाची टाकी फुटली आणि सुमारे १,००० टन तेल खाजणात आणि कांदळवनात पसरलं.

समुद्री सुरक्षेवर बोलणं सुरू झालं की ते नौदल, गस्ती नौका आणि रडार यांच्याभोवतीच फिरतं. ते सगळं लागतंच. पण वाकाशिओसारख्या जहाजापुढे त्याचा किती उपयोग होतो? आपल्या समोरून जाणारं परकं जहाज कसं बांधलेलं असावं, त्यावर किती माणसं असावीत, कोणती यंत्रं असावीत, यातलं काहीही किनाऱ्यावरचा देश स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या कराराचं २१ वं कलम वाचा. रचना, बांधणी, कर्मचारी आणि साधनसामग्री यांबद्दलचे किनारी देशाचे कायदे निरुपद्रवीपणे पुढे निघून जाणाऱ्या परक्या जहाजाला लागू होत नाहीत. सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियमच अमलात आणणारे कायदे असतील तेवढे लागू होतात. आणि हे कलम दूरच्या खुल्या समुद्राबद्दल नाही, किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आतल्या आपल्याच पाण्याबद्दल आहे!

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा अन्याय वाटतो. मला तसं वाटत नाही. एकाच फेरीत जहाज दहा देशांच्या समोरून जातं, ते दहा वेळा बदलून बांधता येत नाही. म्हणून नियम एकच हवा, आणि तो सगळ्यांनी मिळून करायला हवा. लंडनमधली आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, त्यासाठीच आहे. तिची स्थापना करणारा करार १९४८ चा, तो लागू झाला १९५८ साली. मात्र जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार त्याहून जुना आहे. टायटॅनिक १९१२ साली बुडालं आणि दोन वर्षांत सोलास कराराचा पहिला मसुदा तयार झाला.

अपघात आधी आणि नियम नंतर हा क्रम पुढेही सुटलेला नाही. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी १९८७ साली पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली आणि उलटली. त्या चौकशीतून आयएसएम संहितेची, म्हणजे जहाज सुरक्षितपणे चालवण्याच्या व्यवस्थापन नियमांची, वाट तयार झाली. त्याआधी बोट दाखवलं जायचं ते फक्त जहाजावरच्या माणसाकडे. या संहितेमुळे किनाऱ्यावर बसलेली कंपनीही उत्तरदायी झाली.

वाकाशिओ २००७ साली बांधलेलं. इंधनाच्या टाक्या थेट जहाजाच्या बाहेरच्या पत्र्याला लागून असू नयेत, असा मार्पोल या प्रदूषण रोखण्याच्या कराराचा नियम आहे, पण ऑगस्ट २०१० पासून मालकाच्या ताब्यात आलेली, ६०० घनमीटर किंवा जास्त इंधन मावणारी जहाजं त्यात येतात आणि त्याआधीची बहुतेक सुटतात. म्हणजे मॉरिशसच्या प्रवाळावर किती तेल सांडणार, याचा बराचसा निर्णय कित्येक वर्षांपूर्वी एका बैठकीत नियम लागू होण्याची तारीख ठरली तेव्हाच झाला होता. ती तारीख ठरवताना किनारी देशांचे प्रतिनिधी तिथे बसलेले असतात. ते तिथे काय बोलतात, तयारी करून जातात का, घरी परतल्यावर ठरलेलं स्वतःच्या कायद्यात आणतात का, यावर किनारा वाचतो असं माझं मत आहे. जाणकारांनी लिहावं.

---

खारेवारे

मी जहाजावर इंजिनिअर आहे. धागा आवडला. फक्त 'ठरवू शकत नाही' हे बंदराच्या बाहेर खरं. जहाज बंदरात आलं की पारडं फिरतं.

पोर्ट स्टेट कंट्रोल (पीएससी), म्हणजे बंदरात आलेल्या परक्या जहाजांची तपासणी करणारी यंत्रणा. तिचा इन्स्पेक्टर गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, चढून आला की झेंडा कुठलाही असो, सगळ्यांचे श्वास अडकतात. आमच्या एका जहाजावर इमर्जन्सी फायर पंप धड चालत नव्हता. सुटे भाग मागून मागून चीफ इंजिनिअर थकले होते, ऑफिसकडून दर वेळी 'पुढच्या बंदरात बघू' एवढंच उत्तर. मग एका बंदरात इन्स्पेक्टरने पंप चालू करायला सांगितला. पाणी आलं नाही. जहाज डिटेन झालं. जे भाग कित्येक महिने येत नव्हते ते विमानाने आले. त्या दिवशी आग लागली असती तर आमचं काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

या तपासणीमागेही एक अपघात आहे. मार्च १९७८ मध्ये लायबेरियाचा झेंडा असलेला 'अमोको कादिझ' टँकर फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटला, दोन लाख टनांहून जास्त तेल सांडलं. त्यानंतर १९८२ साली १४ युरोपीय देशांनी पॅरिस एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, केला. बंदरं आपसात माहिती देणार, आणि एका बंदरातून निसटलेलं सदोष जहाज दुसऱ्यात सापडणार, ही त्यामागची सोपी कल्पना. पुढे आशिया-पॅसिफिकसाठी टोकियो एमओयू आला, हिंदी महासागरासाठीही वेगळा झाला.

त्यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. ज्या देशाने करारावर सही केलेली नाही त्याच्या जहाजालाही सवलत द्यायची नाही, तपासणी त्याच निकषांवर. त्यामुळे सही टाळून पळवाट मिळत नाही. पण वाकाशिओला मॉरिशसच्या बंदरात यायचंच नव्हतं. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजाच्या बाबतीत तुमचा मुद्दा उरतोच.

---

उधाण

सुकाणू, लेख चांगला आहे, पण 'सगळ्यांनी मिळून' हे शब्द मला खटकले. इतिहास तसं सांगत नाही.

मार्च १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डीझ' फुटला. अमेरिका लंडनच्या एकमतासाठी थांबली नाही. १९९० साली स्वतःचा कायदा केला: आमच्या बंदरात यायचं तर टँकर दुहेरी तळाचा आणि दुहेरी बाजूंचा हवा. तेल विकायला अमेरिकेत जावंच लागतं, त्यामुळे जहाजमालक वळले, आणि १९९२ साली मार्पोलमध्ये तोच नियम आला. डिसेंबर १९९९ ला 'एरिका' आणि नोव्हेंबर २००२ ला 'प्रेस्टिज' बुडाल्यावर युरोपने एकेरी तळाचे टँकर लवकर हटवण्यासाठी दम दिला, आणि आयएमओने तारखा अलीकडे आणल्या.

हा दम मॉरिशसने दिला असता तर? जहाजांनी शेजारचं बंदर गाठलं असतं. ज्याची बाजारपेठ मोठी त्याचा किनारा सुरक्षित, आणि लहान देशाने मोठ्यांच्या भांडणातून जे निघेल ते घ्यायचं. माझ्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य नाही, आणि तसं म्हणायला हवं.

---

सुकाणू

उधाण, १९९० च्या कायद्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बलवान देशाचीही मर्जी किनाऱ्यावर पूर्ण चालत नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ साली टॉरेस सामुद्रधुनीत स्थानिक पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, घेणं सक्तीचं केलं. खडकाळ, उथळ पाणी आणि शेजारी ग्रेट बॅरिअर रीफ, म्हणजे कारण रास्त होतं. तरी अमेरिका आणि सिंगापूर या दोघांनी हरकत घेतली, कारण आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून जाण्याचा हक्क कोणी एकट्याने आवळायचा नाही.

त्याच ऑस्ट्रेलियाने दुसऱ्या वेळी आयएमओची वाट धरली. २००९ साली क्वीन्सलँडजवळ 'पॅसिफिक ॲडव्हेंचरर' मधून तेल सांडलं. जहाज मोठं नव्हतं, आणि मालकाच्या जबाबदारीची मर्यादा जहाजाच्या आकारावर ठरते, त्यामुळे सफाईचा खर्चही त्यात बसेना. ऑस्ट्रेलियाने प्रस्ताव मांडला, मर्यादा ५१ टक्क्यांनी वाढल्या आणि २०१५ पासून लागू झाल्या. त्याचा फायदा या मर्यादांचा १९९६ चा सुधारित करार (प्रोटोकॉल) स्वीकारलेल्या प्रत्येक देशाला झाला, अगदी लहानातल्या लहानालाही.

इथेच मॉरिशसचा दुर्दैवी भाग येतो. मालकाच्या जबाबदारीच्या मर्यादेचे दोन करार आहेत, १९७६ चा आणि १९९६ चा. जपान नव्यात, मॉरिशस जुन्यात. जुन्यातली रक्कम नव्याच्या मानाने कितीतरी कमी. नवा प्रोटोकॉल स्वीकारायला आरमार लागत नाही की मोठी बाजारपेठ लागत नाही. मंत्रालयात कोणीतरी फाइल पुढे न्यावी लागते. लहान देशांवर अन्याय होतो हे मान्य, पण त्यांच्या हातात जे आहे तेही अनेकदा पडून राहतं, आणि किंमत मच्छीमार मोजतात.

---

उधाण

फाइलचा मुद्दा पटला. बाजारपेठेचं म्हणणं मी सोडत नाही :)

---

नोंदवही

मी सागरी कायदा शिकते आहे. 'फाइल पुढे न्यावी लागते' याला जोडून श्रीलंकेचं उदाहरण देते, कारण त्यात सगळ्या फटी एकदम दिसतात.

'एक्स-प्रेस पर्ल' हे कंटेनर जहाज अगदी नवं कोरं, सिंगापूरच्या झेंड्याचं. एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होतं. कतारच्या हमद आणि भारताच्या हजीरा या दोन्ही बंदरांत तो कंटेनर उतरवून घेतला गेला नाही. जहाज तसंच पुढे कोलंबोजवळ आलं, २० मे २०२१ ला आग दिसली आणि जूनमध्ये ते बुडालं. किनाऱ्यावर वाहून आले ते प्लास्टिकचे बारीक दाणे. जहाजावर असे १,६०० टनांहून जास्त दाणे होते.

आता नियम बघा. धोकादायक माल कसा बांधायचा, कुठे ठेवायचा हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय संहितेत हे दाणे धोकादायक मालच नाहीत. टँकरमधल्या तेलाच्या गळतीसाठी भरपाईचा करार आहे, त्यावर एक निधीही आहे. इंधनाच्या तेलासाठी २००१ चा बंकर करार आहे. घातक रसायनांसाठीचा करार १९९६ साली तयार झाला, २०१० साली सुधारला, आणि पर्ल जळत होतं तेव्हाही लागू झालेला नव्हता. बुडालेलं जहाज मालकाच्या खर्चाने हलवायला लावणारा नैरोबी करार २०१५ पासून अमलात होता, पण श्रीलंका तेव्हा त्यात नव्हती.

म्हणून दोन न्यायालयांत दोन वेगळ्या भाषा ऐकू आल्या. लंडनच्या न्यायालयाने मालकाच्या जबाबदारीला मर्यादा घालून दिली. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० कोटी डॉलर भरपाईचा आदेश दिला. आदेश आणि वसुली यांत किती अंतर असतं ते इथल्या वकिलांना सांगायला नको.

दाण्यांबद्दल आयएमओने २०२४ साली शिफारशी काढल्या, त्या ऐच्छिक. मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, आणि तिथल्या पुळणीवरही तेच पांढरे दाणे आले. हे लिहिताना मला राग येतो. काय करायला हवं हे चार वर्षं सगळ्यांना माहीत होतं.

---

तांडेल

मासेमारीच्या बोटींबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. वर ज्या नियमांची नावं आली त्यांतले बरेचसे आमच्या बोटींपर्यंत येतच नाहीत. सोलासची बहुतेक प्रकरणं मासेमारीच्या बोटींना वगळतात. आमच्यासाठी म्हणून १९७७ साली तोरेमोलिनोस इथे करार झाला, तो कधीच लागू झाला नाही. १९९३ साली दुरुस्त करून पुन्हा मांडला, तोही नाही. समुद्रात सगळ्यात जास्त जीव जाणाऱ्या धंद्यांपैकी हा एक.

सुरक्षेच्या बाजूनेही तेच. २००८ साली मुंबईवरच्या हल्ल्यासाठी दहशतवादी आले ते 'कुबेर' नावाचा मच्छीमार ट्रॉलर बळकावून. बंदरांच्या सुरक्षेची आयएसपीएस संहिता तेव्हा चार वर्षं लागू होती, पण ती ५०० टनांच्या वरच्या मालवाहू जहाजांना आणि प्रवासी जहाजांना, तेही आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवर असतील तर. ओळख सांगणाऱ्या एआयएस यंत्राची सक्तीही आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना ३०० टनांपासून पुढे. त्याखालचं सगळं प्रत्येक देशाने स्वतः बघायचं. सुकाणू म्हणतात त्याची ही दुसरी बाजू: मोठ्या जहाजावर आपला कायदा चालत नाही, आणि लहान बोटीवर आपल्या कायद्याशिवाय दुसरं काही नसतं.

---

दीपस्तंभ

आयएसपीएसचा विषय निघालाच आहे तर जहाजावरच्या माणसांची बाजू मांडते. मी डेकवर अधिकारी म्हणून काम केलं आहे.

११ सप्टेंबर २००१ नंतर ही संहिता डिसेंबर २००२ मध्ये मंजूर झाली आणि १ जुलै २००४ ला लागू. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मानाने हा प्रचंड वेग. सोलासमधल्या दुरुस्तीला ठरलेल्या मुदतीत पुरेशा देशांनी हरकत घेतली नाही तर ती आपोआप लागू होते, त्यामुळे हे जमलं. १९६० च्या सोलासच्या वेळी दोन-तृतीयांश देशांच्या होकाराची वाट बघावी लागायची, आणि दुरुस्त्या पडून राहायच्या. सुरक्षेच्या तीन पातळ्या, जहाजावर आणि बंदरात एकेक नेमलेला अधिकारी, गुपचूप धोक्याचा इशारा पाठवणारं बटण, हे सगळं त्यातून आलं. गँगवेवर पहारा ठेवणं, येणाऱ्याची नोंद करणं यामुळे फुकट प्रवासी आणि चोऱ्या यांना आळा बसला, हे मी स्वतः पाहिलं.

पण त्याच कुंपणाने खलाशाला आत कोंडलं. महिनोन् महिने समुद्रात काढून बंदरात आलेल्या माणसाला फाटकाबाहेर पाय टाकता येत नाही, कारण कुठे व्हिसा नाही, कुठे टर्मिनल चालत जाऊ देत नाही, कुठे फाटकापर्यंतच्या गाडीला परवडणार नाही इतके पैसे. संहितेच्या प्रस्तावनेतच खलाशांच्या किनाऱ्यावर जाण्याच्या हक्काची आठवण दिलेली आहे. बंदरं कुंपणाचं पान वाचतात आणि ते पान उलटून टाकतात. थकलेला, एकटा पडलेला माणूस चांगला पहारा ठेवत नाही. वाकाशिओवर लोक मोबाइलच्या रेंजसाठी किनाऱ्याकडे ओढले गेले, याकडे मी नुसती बेशिस्त म्हणून बघू शकत नाही. बेशिस्त होतीच, कप्तान आणि चीफ ऑफिसर दोघांना शिक्षा झाली. पण ते २०२० साल होतं, कोविडमुळे जगभर खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते, हेही त्या चित्रात असायला हवं.

आणि अपघातानंतर हाताशी सापडतो तो खलाशीच. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियात 'हेबेई स्पिरिट' हा टँकर नांगर टाकून उभा होता. दोर तुटलेला क्रेनचा बार्ज त्याच्यावर येऊन आदळला, दहा हजार टनांहून जास्त तेल सांडलं. टँकरच्या दोन भारतीय अधिकाऱ्यांना दीड वर्ष देश सोडता आला नाही. किनारी देशाचा संताप मी समजू शकते, पण जो सापडला त्याला धरलं म्हणून पुढचं जहाज सुरक्षित होत नाही.

---

खारेवारे

दीपस्तंभताई, शब्द न् शब्द खरा.

सुकाणू, एक प्रश्न. हल्ली जुने टँकर खोट्या किंवा सारख्या बदलत्या झेंड्याखाली फिरतात, एआयएस बंद ठेवतात, विमा धड नसतो. अशा जहाजाने किनाऱ्याजवळ मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने काही तोडलं, तर किनारी देश त्याला धरू शकतो का?

---

सुकाणू

झेंडा खोटा ठरला तर काम सोपं होतं. दोन झेंडे सोयीप्रमाणे वापरणारं जहाज १९८२ च्या समुद्री कायद्याच्या कराराच्या ९२ व्या कलमानुसार बिनझेंड्याचं धरता येतं, आणि ११० व्या कलमाप्रमाणे युद्धनौकेला अशा जहाजावर चढून तपासणी करता येते. या ताफ्याबद्दल आयएमओच्या सभेने डिसेंबर २०२३ मध्ये ठरावही केला. जहाजांची जागा कळण्यासाठी एलआरआयटी ही दुसरी व्यवस्था आहे. तिच्यातून किनारी देशाला १,००० मैलांपर्यंतच्या जहाजांची माहिती मागता येते, मात्र ती पाठवायची जहाजावरच्या यंत्राने आणि झेंड्याच्या देशाने. दोघांपैकी एकजण अप्रामाणिक असला की पडदा काळा.

झेंडा खरा असेल तर अवघड. २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड आणि एस्टोनियामधली 'एस्टलिंक २' ही समुद्राखालची वीजवाहिनी तुटली. संशय 'ईगल एस' या कुक आयलंड्सच्या झेंड्याच्या टँकरवर: त्याचा नांगर तळावरून ओढला गेला होता. फिनलंडने जहाज आपल्या पाण्यात आणून ताब्यात घेतलं, कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण घटना प्रादेशिक समुद्राच्या बाहेरची होती. अशा अपघातासाठी खटला चालवायचा अधिकार झेंड्याच्या देशाला किंवा त्या माणसांच्या मायदेशाला आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. आधार ९७ व्या कलमाचा. तुमच्या दारातली तार तुटते, माणसं तुमच्या ताब्यात असतात, आणि न्याय करायचा अधिकार दुसऱ्या गोलार्धातल्या बेटाकडे.

समुद्राखालच्या तारांबद्दलचं ११३ वं कलमही झेंड्याच्या देशाला किंवा त्या माणसांवर अधिकार असलेल्या देशालाच कायदा करायला सांगतं. त्याचे शब्द बरेचसे १८८४ च्या तारांच्या करारातून आलेत, तेव्हा त्या तारांमधून तारायंत्राचे संदेश जायचे. हे कलम बदलायला हवं असं मला ठामपणे वाटतं, निदान किनारी देशाला समान अधिकार मिळायला हवा. उधाण, इथे तुमच्या बाजारपेठवाल्या देशांनी जोर लावला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

शोध आणि बचाव हा भाग या धाग्यात राहिला. १९७९ चा हॅम्बर्ग करार, बचाव क्षेत्रांची वाटणी, संकटातल्या माणसाला कुठे उतरवायचं यावरून होणारे वाद, यावर बचाव समन्वय केंद्रात काम केलेल्या कोणी लिहिलं तर फार बरं होईल.